दुपारचा बर्फ

अठ्ठावीस वर्षं आम्ही बर्फ रात्री घातला.
रात्री विजेला सूट होती.
देवगड झोपलं की कॉम्प्रेसर जागा,
आणि कॉम्प्रेसरपाशी शब्बीर फणसोपकर,
एका कानात कापूस, दुसरा यंत्राला दिलेला.
पहाटे ट्रॉलर लागायचे तेव्हा लाद्या तयार.

मग नवं दरपत्रक आलं.
मी चष्मा पुसून दोनदा वाचलं:
सूट आता दुपारला,
भुर्दंड दिवेलागणीला.
घाटावरच्या माळांवर म्हणे इतकी काळी तावदानं पसरलीत
की भर उन्हात वीज उतू जाते,
एकाच दिवशी सगळ्या होड्यांना बांगडा लागला
की जेटीवर दर कोसळतो, तशी.
बांगडा निदान संध्याकाळपर्यंत थांबतो.
वीज तेवढीही थांबत नाही.

शब्बीरला म्हटलं, उद्यापासून दिवसा ये.
"रणरणत्या उन्हात बर्फ?
मासे हसतील, विनयाबाई."
खरंच होतं त्याचं.
एप्रिलच्या दुपारी कंडेन्सर धापा टाकतो,
त्याच लादीला युनिटं जास्त जातात.
पण मी युनिटं लिहीत नाही, रुपये लिहिते.
पहिल्या आठवड्यात लाद्या पोटात कच्च्या निघाल्या,
फोडली की मधोमध पाण्याची शीर.
तांडेलांनी माझ्या सात पिढ्या काढल्या.

तोड शब्बीरनेच काढली.
दुपारी टाकीतलं मिठाचं पाणी
उणे बारापर्यंत नेऊन ठेवायचं,
वर फळ्या, फळ्यांवर भुसा.
रात्री यंत्र बंद,
पाणी आपलं आपण गोठवत बसतं.
कुणी ऊन साठवायला लाखांच्या बॅटऱ्या घेतं.
आमच्याकडे मीठ होतं.

याच महिन्यात मालकांच्या बंगल्यावर
अनुदानाची सोलर बसली.
पेढे वाटले. बिल जवळजवळ शून्य.
सत्यभामा कोयंडे बर्फ न्यायला आली
आणि तिने पाटीखालून स्वतःचं बिल काढलं.
स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार,
मी एकेक वाचत गेले.
"त्येंच्या घरार पडता तोच सूर्य
माझ्या पत्र्यार पडता मां?
मग माका कित्याक चढ बिल?
आनी माझो पत्रो तो भार घेवचो नाय."

मी समजावायला लागले,
खांब आहेत, तारा आहेत, वादळात चढणारा वायरमन आहे,
ज्याचं मीटर थांबलं त्याचा वाटा
उरलेल्यांत...
इथे माझंच वाक्य थांबलं.
तिच्या हातात लादीचा तुकडा वितळत होता.

पूर्वी सड्यावर एक पवनचक्की उभी केली होती.
उभी केली त्याच साली मालकाचा कर वाचला.
फिरली किती, ते कुणी विचारलं नाही,
म्हणून ती फारशी फिरलीही नाही.
पैसा ज्याला द्याल तेच वाढतं,
उभं राहण्याला दिलात, तर उभं राहणं.
पण तो दिला नसता
तर आज दुपारी वीज उतू गेली असती का?
याचं उत्तर माझ्या वहीत नाही.

वहीत एवढंच आहे:
लादीमागे चौदा रुपये वाचतात.
मालकांना विचारलं, भाव उतरवूया?
म्हणाले, बघू दिवाळीनंतर.
दिवाळी झाली.
मी सत्यभामेच्या पाटीत रोज एक फावडं जादा टाकते
आणि "वितळ" या सदरात लिहिते.
वितळ वाढलीय, मालक म्हणाले.
दुपारचा बर्फ, मी म्हटलं.

शब्बीरला मात्र रात्री झोप लागत नाही.
बाराच्या सुमाराला येतो,
कानातला कापूस काढतो,
बंद यंत्राकडे पाठ करून
फळ्यांवर कान ठेवतो.
काय ऐकतोस, विचारलं
तर म्हणतो,
थांबा, अजून दुपार चालू आहे आत.